पडद्याची स्प्रिंग आणि आबांचा बेंजो

स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा मी काढला तेव्हा आईला वाटलं, धुवायला काढला. मी पडदा तिच्या हातात दिला आणि त्यातली स्प्रिंग घेऊन ओट्यापाशी बसले. दोन खिळ्यांना ताणून बांधतात ना, वर पांढरं प्लॅस्टिक चढवलेली, तीच. ब्लेडने ते प्लॅस्टिक सोलायला लागले तशी आई म्हणाली, "आते हाई काय नवं काढं तू?" मी म्हटलं, गिटारसाठी पाहिजे. तिने पडदा माझ्या अंगावर टाकला आणि निघून गेली.

मला सर्फ रॉकचा आवाज हवा होता. साठेक वर्षांपूर्वी अमेरिकेच्या किनाऱ्यावर, लाटांवर फळी घेऊन घसरणाऱ्या पोरापोरींसाठी निघालेलं हे वादन. त्यात बहुतेक वेळा शब्द नसतात, नुसती गिटार असते, आणि ती ओली वाजते. ओली म्हणजे तार छेडली की आवाज तिथेच संपत नाही. विहिरीत बादली आपटल्यावर खालून पाणी बोलतं तसा मागून पुन्हा येतो. हा ओलेपणा येतो एका पत्र्याच्या डब्यातून. डब्यात लांब बारीक स्प्रिंगा ताणलेल्या असतात. आवाज एका टोकाने आत शिरतो, थरथरत दुसऱ्या टोकाला निघतो आणि मूळ आवाजात मिसळतो. मोबाइलवर त्याची नक्कल करणारी ॲप आहेत, बाजारात पायाने दाबायची पेडलही मिळतात. मी दोन्ही वापरून पाहिलं. डालडा आणि घरचं तूप यांतला फरक ज्याच्या जिभेला कळतो, त्याच्या कानाला हाही कळतो.

मी जळगावला एका कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. दर वर्षी पोरांना स्प्रिंगला वजनं टांगून ती किती लांबते ते मोजायला लावते, तेव्हा स्प्रिंग या प्राण्याशी माझी ओळख जुनी. गिटार मी स्वतःच शिकले. सर्फ रॉकच्या वेड्यांचा इंटरनेटवर एक गट आहे, त्यात मी एकदा माझं रेकॉर्डिंग टाकलं. पुण्याच्या एका गृहस्थांनी लगेच लिहिलं, "प्रयत्न छान, पण अस्सल नाही. जळगावातून हा आवाज कसा निघणार? आधी समुद्र तरी बघा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. समुद्र मी पाहिलाय. कॉलेजच्या सहलीत, अलिबागला. चपलेत वाळू गेली होती एवढंच लक्षात आहे. आमच्याकडे लाट येते ती उन्हाची, आणि तिच्यावर कोणी फळी घेऊन घसरत नाही, डोक्याला रुमाल बांधून कामाला जातं. पण पुण्यात तरी कुठे समुद्र आहे? मुठेच्या काठावर बसून हा मला किनारा शिकवणार! मी उत्तर लिहिलं नाही. मनात म्हटलं, थांब, आता तो डबा मी माझ्या हाताने करते.

हाताने करणं म्हणजे आधी भरपूर चुकणं. दालमिलच्या चाळणीची एक स्प्रिंग मिळाली, ती मनगटाएवढी जाड. तिच्यातून आवाज गेलाच नाही. बॉलपेनच्या स्प्रिंगा एकीला एक जोडल्या, त्या डासासारख्या कुणकुणल्या. मग एका शनिवारी घरी गेले असताना पडद्याची स्प्रिंग दिसली. आई आणि आबा, म्हणजे माझे वडील, नरडाण्याजवळच्या आमच्या गावी राहतात, आणि सुट्टी लागली की सुरतेकडची गाडी धरून मी तिकडे असते. प्लॅस्टिक सोललं, आतली तार बारीक, चकचकीत निघाली. तिचे दोन तुकडे केले. तेलाचा रिकामा डबा आडवा कापला, जुन्या रेडिओचा छोटा स्पीकर एका टोकाला बसवला, दारावरच्या बझरमधली पितळी चकती, थरथर टिपायला, दुसऱ्या टोकाला. मधे स्प्रिंगा ताणल्या. गिटारची जाड तार छेडली आणि घर ओलं झालं. मी अक्षरशः ओरडले.

आबा दारात येऊन उभे राहिले. थोडा वेळ ऐकून म्हणाले, "हाऊ आवाज शे का पत्राना डबा?"

"पत्रानाच डबा शे, आबा."

"तेच म्हनस मी," म्हणाले आणि आत गेले.

पण दुसऱ्या दिवशी स्वतःहून माझ्यासमोर येऊन बसले. सर्फमध्ये उजवा हात एकाच तारेवर खाली-वर इतक्या वेगाने चालवायचा असतो की वेगवेगळे ठोके कळू नयेत, एक सलग धार लागावी. माझा हात थोड्या वेळात दगड व्हायचा. आबांचा व्हायचा नाही, कारण चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं. ते आमच्या भागातल्या एका लग्नाच्या बँडमध्ये बेंजो वाजवायचे. बेंजो म्हणजे बुलबुलतरंग: डाव्या हाताने टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. वरातीत, उन्हात, तास न् तास. त्यांनी माझं मनगट दोन बोटांत धरून हलवलं. "मनगट ढिलं सोड, बाकी बठ्ठं आपोआप व्हस." महिनाभर दर रविवारी मी तेवढं एकच शिकले. पुण्याच्या गृहस्थांना सांगायला हवं होतं की माझा उजवा हात नरडाण्याचा आहे.

त्याच महिन्यात आबांचे बँडच्या गाडीवरचे दिवस भरत आल्याचं कळलं. बँडच्या जुन्या मालकांनंतर त्यांचा मुलगा सगळं बघायला लागला होता. वाईट माणूस नव्हे. आबांना नाना म्हणायचा, आल्यावर पाया पडायचा. पण बेंजोच्या जागी त्याला कीबोर्ड हवा होता. घरी येऊन चहा घेता घेता म्हणाला, "नाना, राग नका मानू. कीबोर्डपुढे बेंजो कोरडा लागतो, पोरं नाचत नाहीत. गावातल्या या येत्या लग्नात बघू. लोक नाचले तर तुम्ही आहातच. नाहीतर पुढच्या हंगामात आराम करा."

आबा बशीतला चहा संपवत राहिले. माझं मात्र तोंड थांबेना. "भाऊ, कोरडा लागतो ना? मग ओला करून देते. माझ्याकडे यंत्र आहे."

भाऊ हसला. "लावा ताई. एका लग्नाने काय होतंय."

एका लग्नाने काय होतं, ते आबांच्या हातांकडे पाहिलं असतं तर त्याला कळलं असतं. बशी खाली ठेवून ते बेंजोची एकेक तार पुसायला लागले होते.

मी जळगावला जाऊन डबा नव्याने केला. तीन स्प्रिंगा घातल्या, पत्र्याचं झाकण बसवलं. परत येताना रेल्वेत तो मांडीवर होता आणि रूळ बदलला की आतून किणकिण यायची. समोरच्या बाईने विचारलं, आत कोंबडीची पिल्लं आहेत का. मी म्हटलं, गाणं आहे. मला ती किणकिण गोड वाटत होती. मूर्ख मी.

बँडच्या गाडीवर एक नियम असतो: जे सैल ते पडलं. कर्णे, बॅटऱ्या, ॲम्प्लिफायर, सगळं लोखंडी सांगाड्याला आवळलेलं असतं, कारण आमचे रस्ते सगळ्यांना ठाऊक आहेत. मी बँडवाल्याच्याच घरात वाढलेली, त्यामुळे डबा सांगाड्याला आठ नटबोल्टने कसला. पान्हा फिरेना इतका कसला. जगात बाकी सगळे हा डबा रबरावर नाहीतर फोमवर टेकवतात, त्याला धक्का लागू देत नाहीत, हे मला माहीत होतं, वाचलेलं होतं. तरी बँडच्या गाडीवर कोणी काही सैल ठेवतं का, असंच मनात आलं. वाचलेलं राहिलं बाजूला, घरचं वळण जिंकलं.

आमच्याकडे लग्न लागायच्या आधी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला जातो. ती मिरवणूक म्हणजे बँडची खरी परीक्षा. मंडपापासून मारुतीपर्यंत कितीही वेळ लागो, पोरं नाचत राहिली पाहिजेत. ऊन कलायला लागलं होतं. आबा गाडीवर आपल्या जागी बसले, मी त्यांच्या शेजारी गिटार घेऊन. गावात बाई गाडीवर बसून वाजवते हे पाहून काही जणींनी तोंडावर पदर घेतले, काहींनी मोबाइल काढले. आबांनी पहिली तार छेडली. ओल्या आवाजाने सगळी गल्ली भरून गेली. त्यांनी एकदा डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग हात सोडला. मी खाली जाड तारेवर त्यांच्या मागे पळत राहिले. पोरं नाचायला लागली. भाऊ गाडीच्या पुढे चालत होता, त्याने मागे वळून मान हलवली. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात पहिला गतिरोधक आला.

गाडी चढली, आपटली, आणि कर्ण्यांमधून वीज कोसळावी तसा धडाका निघाला. स्प्रिंगा डब्यात एकमेकींवर आदळल्या होत्या. नाचणारे जागच्या जागी थांबले. एका म्हातारीने आभाळाकडे पाहिलं. आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं: जुन्या सर्फ रेकॉर्डमध्ये मधेच एक गडगडाट येतो, तो खरा पावसाळी आवाज मागाहून घातलेला असेल असं मी समजत होते. ते वाजवणारे तर डब्याला मुद्दाम हाणत होते! वर्षभर जो आवाज शोधत होते तो मला आमच्या ग्रामपंचायतीच्या गतिरोधकाने दिला. त्या क्षणी आनंद व्हायला नको होता, पण झाला.

दुसऱ्या गतिरोधकाला घोडा बुजला. नवरदेव मानेला लटकला, त्याच्या मामाने लगाम धरला म्हणून वाचला. मिरवणूक थांबली, लोक ओरडायला लागले. भाऊ गाडीवर चढला, चेहरा लाल. माझ्याकडे पाहिलंही नाही.

"नाना, काढा हे. मारुतीपर्यंत कोरडंच वाजवा अन् मग बस. ठरलं आता. पुढच्या हंगामापासून घरी आराम करा."

सगळ्यांसमोर बोलला. चाळीस वर्षं ज्या गावाला नाचवलं त्या गावासमोर. मला तिथेच मातीत जावंसं वाटलं, कारण चूक माझी होती आणि शिक्षा आबांना. मी म्हटलं, "भाऊ, बोल्ट मी कसले, त्यांना कशाला..." त्याने हाताने मला गप्प केलं आणि डब्याची वायर काढायला वाकला.

आबांनी त्याचा हात धरला. मोठ्या आवाजात नाही, नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "भाऊ, नवरदेवले अर्धी वाटमा सोडतस का? मारुती लगून वाजाडसू. मंग उतरसू."

मग पुढे लगाम धरून उभ्या मामाला हात करून घोडा लांब न्यायला सांगितलं. घोडा चांगला दूर जाईपर्यंत थांबले. आणि पायातली चप्पल तशीच ठेवून त्यांनी माझ्या डब्यावर लाथ घातली.

धडाड! गाडी उभी होती, गतिरोधक नव्हता, तो आवाज त्यांचा स्वतःचा होता. तो विरायच्या आत उजवा हात तारेवर पडला आणि अशी धार लागली की मला त्यांच्या मागे जाणं जमेना. ठेका पूर्ण झाला की पुन्हा लाथ. भाऊ मागे सरकला. आधी दोन पोरं हसली, मग नाचली, मग मागची बायकांची रांगही. सगळे नाही. काही म्हातारे शिव्या देत बाजूला उभे राहिले ते राहिलेच. आबांनी कोणाकडेच पाहिलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि दात आवळलेले होते, आणि मी वाजवत होते.

मारुतीसमोर नवरदेव उतरला. आबांनी बेंजो कापडात गुंडाळला आणि माझ्याकडे पान्हा मागितला. मी म्हटलं, मी काढते. त्यांनी नकारार्थी मान हलवली. आठ बोल्ट मी कसलेले. एकेक काढायला त्यांना वेळ लागत होता, घाम कानामागून वाहत होता. भाऊ खाली उभा राहून वाट पाहत होता. मधेच म्हणाला, "नाना, लोक नाचले हो. राहू द्या. बघू आपण काहीतरी." आबांनी सहावा बोल्ट काढला, मग सातवा.

आठवा निघाल्यावर डब्याची एक बाजू त्यांनी धरली, एक मी. बँड आमच्याशिवाय मंडपाकडे वळला आणि आम्ही दुसऱ्या रस्त्याने घराकडे. दोघांच्या मधे स्प्रिंगा किणकिणत होत्या. घर दिसायला लागलं तसं मी म्हटलं, आबा, माझ्यामुळे तुम्हाला उतरवलं.

ते थांबले. डबा खाली ठेवायला लावला. मनगट चोळत म्हणाले, "माले कोनी उतारं नई. मी उतरनू."

ते खरं होतं. मी डब्याची माझी बाजू पुन्हा उचलली.