तीस कुंड्यांचे शेंडे

“शेंडेच तर खुडले. रोप उपटलं का मी?” मनकर्णाबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या. पुढ्यातल्या परातीत हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाणा होता, कांदा-तेल-मीठ लावून तयार. “शेंडा खुडला की फुटवा येतो. पैठणला रानात जन्मभर हेच केलं. तुझंच भलं केलं.”

“आई, त्या तीस कुंड्यांना बोटही लावायचं नव्हतं. म्हणून तर त्यांना वेगळी जाळी होती.”

“चिमण्यांसाठी असंल म्हणलं.”

मंजुषा सासूसमोर दारातच उभी होती, कॉलेजची पर्स अजून खांद्याला. मुकुंदवाडीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ती जीवशास्त्र शिकवते. पीएच.डी.ला नाव घातलं तेव्हा सदतीसची होती, आता चव्वेचाळीसची आहे. मधे सासऱ्यांच्या आजारपणात काम थांबलं, मग टाळेबंदीत. या खेपेला गाईड मॅडमनी शेवटची तारीख दिली होती. जानेवारीअखेर पानांचे नमुने प्रयोगशाळेत पोचले नाहीत, तर नोंदणी रद्द.

गच्चीवरच्या साठ कुंड्यांची माती तिनं आणि बारावीतल्या मुलीनं, अपेक्षानं, घमेल्यानं तीन जिने वर नेली होती. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, त्यातलं पहिलं पिंप कुंड्यांचं. धुण्याला उरलं तर उरलं. हरभरा खाणाऱ्या घाटेअळ्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत, एका डब्यात एकच, कारण दोघी ठेवल्या की एक दुसरीला खाते. कॉलेजातून आली की आधी अळ्यांची विचारपूस, मग चहा. याला तिचा नवरा, रावसाहेब, पाहुणचार म्हणायचा.

“बाकीच्या तीस आहेत ना?” तो आता म्हणाला.

“त्यांच्यावर अळ्या सोडायच्यात. शेजारी न दुखावलेलं रोप नसेल तर काय कशाशी ताडून बघू?”

“मग यांनाच न दुखावलेली म्हण. गच्चीवर कोण बघायला येतंय?”

“पान सांगेल.” ती खाली बसली. “आई, तुम्हीच ऐका. पानाला इजा झाली की आत एक संप्रेरक वाढतं. पानाच्या पेशीत एक प्रथिन असतं, बचावाची जनुकं चालू करणारं. एरवी त्याच्या छातीवर दुसरं प्रथिन बसलेलं असतं, त्याला उठू देत नाही. संप्रेरक आलं की वरचं मोडून पडतं. खालचं मोकळं होतं, जनुकं चालू करतं, आणि पानात अळीला न पचणारं काहीबाही तयार होतं. तुमच्या नखानंही तेच झालंय.”

मनकर्णाबाईंनी विचार केला. “म्हंजी सासू मेली की सून मोकळी.”

अपेक्षाला ठसका लागला.

“कुठली मोकळी,” मंजुषा म्हणाली. “ते मोकळं झालेलंच परत नवी सासू बनवून छातीवर बसवून घेतं. नाहीतर झाड नुसतं लढतच बसेल, वाढणार कधी?”

“शहाणं हाय झाड.”

मंजुषा गच्चीवर जाऊन आली. तीसही रोपं तिनं वाकून पाहिली. आली तेव्हा आवाज खाली आला होता.

“किती वेळ लागला खुडायला?”

“नळ आला तवा लागले, नळ गेला तवा उठले. दोन बोटं शेंडा, सगळ्यांचा सारखा. ओढून नाय, नखानं.”

खरंच सारखा होता. मागच्या वर्षी मंजुषानं ब्लेडनं पानं कापली होती, तेव्हा दोन रोपं सारखी जमली नव्हती. अळीच्या चाव्याला झाड वेगळं उत्तर देतं की नुसत्या खुडण्यालाही तेच, हा प्रश्न तिनं हात नीट चालत नाही म्हणून वहीत खोडून टाकला होता.

तिनं परातीतून चिमूटभर घोळाणा तोंडात टाकला. आंबट, छान होता.

“सगळी रोपं बाद,” ती रावसाहेबाला म्हणाली. “मॅडमना आजच कळवते, काय झालं ते जसंच्या तसं. उद्या नव्यानं पेरणी, नव्वद कुंड्या. तीस अळ्यांच्या, तीस हात न लावायच्या, तीस आईंनी खुडायच्या. एकविसाव्या दिवशी, सकाळी दहाला. जानेवारीअखेरच्या आत बसतं.”

“एकविसाव्या दिवशी पैठणला लग्न आहे,” रावसाहेब म्हणाला. “आईच्या सख्ख्या भाच्याच्या मुलाचं.”

मंजुषानं सासूकडे पाहिलं. मनकर्णाबाई अपेक्षाला विचारत होत्या, घड्याळ भिंतीवरचं धरायचं की मोबाइलमधलं.

“तू आणि अपेक्षा जा,” मंजुषा म्हणाली. “मी आणि आई येणार नाही.”