दादानं पुस्तकं जाळली नाहीत

दादा गेला त्या दिवशी दुपारी तो शहरात पिच्चर बघून आला होता. स्वतःवरचाच. मी संगं होते म्हणून सांगते. मी आवडाबाई, बद्रीनाथची धाकटी बहीण, चौथी शिकलेली.

शहरातल्या मिलिटरी छावणीकडं एका हॉलमधी दाखवला. पिच्चरमधला बाप दाढीवाला, दोन लेकरं घेऊन डोंगरात ऱ्हातो, लाईट नाय, शेजार नाय. दाढी सोडली तर इथपर्यंत खरं. दुष्काळात आमचं अर्धं पिशोर गाव शहराकडं गेलं, तवा दादा शहरातली कंपनी सोडून उलटा डोंगरातल्या शेतावर आला. शहर वाढत गेलं अन् नळाला आठ दिवसाला पाणी. त्यात वहिनी वारली, खोलीवर लेकरांकडं बघायला कोण? शेतावर मी होते.

पण पिच्चरमधी लेकरं मे महिन्यात धबधब्याखाली न्हातेत! दादा मोठ्यानं हसला. आमची लेकरं बाजंवर बसून तांब्याभर पाण्यानं न्हायची, खाली घमेलं. साबण लावायचा नाय, कारण तेच पाणी म्हशीला.

पिच्चर काढणारा म्हणला, "काका, हळू. लोक बघतायत."

"बघू दे की. धबधबा कुठंय तेवढं सांग, म्हशी घेऊन जातो."

मंग त्या बापानं पोरीची पुस्तकं चुलीत घातली. दादाचं हसू गेलं. आपल्या पोरीला, सोनियाला, त्यानं रोज डोंगर उतरून शाळेत नेलं, पाय दुखले तर खांद्यावर. आज ती नर्स हाय.

संपल्यावर त्यानं इचारलं, "म्या पुस्तकं कवा जाळली?"

"काका, गोष्टीत थोडं रंगवावं लागतं."

"मंग वर माझं नाव कशाला लावलं?"

एसटीत एवढंच बोलला, "आवडे, लोक म्हणतील बद्रीनं लेकरांचं वाटोळं केलं." घरी येऊन पाणी पेला, छातीला हात लावून आडवा झाला. सोनियाला फोन लागेपर्यंत गेला. पिच्चरनं मेला असं मी म्हणत नाय. पण त्याचं शेवटचं बोलणं ते होतं, म्हणून हे सगळ्यांनी वाचा.

तिसऱ्या दिवशी पिशोरच्या स्टँडवर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. नाव बद्रीनाथचं, फोटो त्या दाढीवाल्या नटाचा! दादानं उभ्या जन्मात दाढी ठिवली नाय. फ्लेक्सवाला कडुबा म्हणतो, "आत्या, मोबाईलवर नाव टाकलं तर हाच फोटो आला."

"आधार कार्ड होतं की घरात. इचारायचं."

मी इळा आणून दोऱ्या कापल्या. एक म्हातारी म्हणली, "सुतकात असं करू नाय बाई."

म्हणलं, "सुतक मला हाय. ह्या दाढीवाल्याला कशाचं?"

कापड मजबूत निघालं. शेतावर नेऊन कडब्याच्या गंजीवर टाकलं, नटाचं तोंड खाली करून, अन् चारी कोपऱ्यावर दगड ठिवले.