न रुतलेले काटे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, पोटच्या लेकींना नाही. आणि ज्यांना सांगायला हवं होतं, त्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, तर नाहीच. आज तुम्ही निवांत बसला आहात म्हणून सांगते. तेही हसू आवरत — म्हणजे बघा, मी किती निगरगट्ट!

वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चाले, तेव्हाची गोष्ट. आमचं गाव चिखलीजवळचं. दर मार्गशीर्षात माहूरच्या देवीची काठी आमच्याकडून जायची. निशाण लावलेला उंच बांबू तो. माहूर लांब, म्हणून एकेका गावानं एकेक दिवस काठी चालवायची आणि पुढच्या गावाच्या हाती द्यायची. ज्याचा नवस असेल त्यानं तो दिवस अनवाणी चालायचं. तो परतला की घरच्यांनी वेशीत त्याचे पाय धुवायचे आणि ते पाणी तीर्थ म्हणून घ्यायचं. मग ते पाय सुनेचे का असेनात.

त्या वर्षी नवस आत्याबाईंचा होता. ह्यांना मुदतीचा ताप आला होता. तेव्हा त्या देवीपुढं बसून म्हणाल्या होत्या, "माह्या लेकाले उठव, मी काठीमांगं अनवानी येईन." हे उठले, पण आत्याबाईंचे गुडघे धरले. मग त्यांच्या नावानं चालायचं कुणी? मी. सतरा वर्षांची, लग्नाला दीड वर्ष झालेली.

भक्तीनं मन भरून आलं होतं, असं सांगू का? खोटं कशाला — मला आनंद झाला होता तो घराबाहेर पडायचा! दीड वर्षात विहीर आणि चूल यापलीकडे काही पाहिलं नव्हतं. आणि त्या दिवशी काय नव्हतं? तुरी पिवळ्या फुलल्या होत्या. कापूस वेचणाऱ्या बाया भरली ओटी सावरत शेताच्या कडेच्या धुऱ्यावर धावत यायच्या, काठीला हात लावायच्या. पुढं डफ वाजत होता. पहिले दोन कोस मी खरोखर चालले. वाट मऊ फुफाट्याची, मी जवळजवळ नाचतच गेले.

पुढं मात्र बाभळीचं बन होतं. दीड कोस नुसते काटे. नवसाची खरी पावलं तीच, असं सगळे म्हणत.

बनाच्या अलीकडे नाला आहे. तिथं पाणी प्यायला मी मागं राहिले, तर कडेला एक दमणी उभी — बायकांना न्यायची छपराची बैलगाडी. पडदा सरला आणि आतून डोकावली कोण? गंगू! माझ्या माहेरची, सोनाळ्याची, आमच्या शेजारची गंगू!

"काऊन वं, पायी चालून राह्यली? चढ ना वर!"

नाही म्हणायला हवं होतं. म्हटलंही, एकदा. दुसऱ्यांदा म्हणायची वेळच आली नाही, तोवर मी वर चढले होते.

हाकायला तिचे सासरे होते, ठार बहिरे. मग काय विचारता! डोक्यावरचे पदर खाली, बोरांची ओटी मध्ये, आणि माहेरची गाणी मोकळ्या गळ्यानं. हसून हसून माझं पोट दुखलं. आम्ही आपापल्या सासवांच्या नकला केल्या. आत्याबाई गुडघ्यावर हात ठेवून कशा उठतात, तेसुद्धा मी करून दाखवलं. त्या माझ्यासाठी आदल्या दिवशी उपाशी राहिल्या होत्या, हे ठाऊक असून.

गाडवाट बनाला वळसा घालून जायची. बन संपलं तिथं मी उतरले, तुरीत लपले, आणि काठी पुढं गेल्यावर बायकांच्या मागून मुकाट चालू लागले. "कुठी होती वं?" एकीनं विचारलं. "मांगंच तं होती," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाड्यांनी परतलो, तशी मुभाच होती. आत्याबाई वेशीत थांबलेल्या. दोघींनी धरून त्यांना खाली बसवलं. त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला आणि काटे काढायला सुई हातात घेतली.

"लय रुतले काय वं, माय?"

"हाव, आत्याबाई. लय."

त्यांनी तळवा चाचपला. टाच पाहिली, बोटांच्या बेचक्या पाहिल्या. एक काटा नाही. मला वाटलं — संपलं, आता सापडले. त्यांनी वर पाहिलं तर डोळे भरलेले.

"देवीनंच उपसले वं सारे! एक बी नाई ठेवला माह्या सुनेच्या पायात!"

भोवतालच्या बायांनी हात जोडले. पुढं कितीतरी वर्षं आत्याबाई पाव्हण्यारावळ्यांना हे सांगत, आणि मी खाली मान घालून ऐके. लोकांना तो माझा विनय वाटे.

दमणीचा मला पश्चात्ताप नाही, हेही सांगून टाकते. तेवढी मी पुन्हा कधी हसले नाही. पण वेशीतलं ते — तिथं काय म्हणू? त्यांनी पाणी घातलं, पाय चोळला, ओंजळ ओठांना लावली. तेव्हा मी घाबरले होते, जीभ उचलली नाही, असं म्हणता येईल. पण मग त्यांनी पुन्हा तांब्या उचलला, आणि दुसरा पाय मी आपणहून पुढं केला.