चादरबाईंनी धुतलेले डायपर

इस्पितळाच्या धुलाईघरात एकतीस वर्षं काढलेल्या बाईला कपडे धुणं शिकवायला जाऊ नये, एवढं तरी तिच्या लेकीला कळायला हवं होतं. पण लेक पडली पहिलटकरीण. तिने चौदा कापडी डायपर आईपुढे मांडले आणि सोबत आलेला सूचनांचा कागद मोठ्याने वाचायला घेतला. आईने पहिलं वाक्य ऐकलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. उरलेला कागद भिंतीने ऐकला.

या आईला सगळे चादरबाई म्हणत. चारशे खाटांच्या इस्पितळातली एकूण एक चादर त्यांच्या नजरेखालून जायची. नुसत्या वासावरून त्या सांगायच्या, कोणत्या यंत्रात साबण जास्त पडलाय. एकतीस वर्षांत वॉर्डातून एकही गठ्ठा परत आला नाही असं त्या स्वतः सांगत, आणि ज्यांचं त्यांच्याशी पटत नसे त्यांनीही ते कधी खोडून काढलं नाही. ओल्या चादरी ओढून ओढून उजवा खांदा मात्र कामातून गेला. निवृत्त झाल्या तेव्हा चार किलोंच्या वर काही उचललं की डोळ्यांत पाणी यायचं. नात जन्मली तीन किलोंची. तिला आजीने महिनाभर मनसोक्त खांद्यावर मिरवलं. मग ठकू चार किलोंची झाली आणि आजीचे हात रिकामे झाले.

आता ठकू आठ महिन्यांची होती, चांगली गुटगुटीत. लेकीची रजा संपली होती. ती चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात होती आणि बाळंतपणाच्या आधी नुकतंच तिच्या हाती नवं यंत्र आलं होतं. सहा वर्षं तिने त्या यंत्राकडे डोळे लावले होते. जावई लांबच्या गाड्यांवर चालक, घरी कमी आणि वाटेत जास्त. आजीला पोर उचलवत नाही म्हटल्यावर पाळणाघराशिवाय गत्यंतर नव्हतं. आणि ठकूला विकतचे डायपर सोसत नव्हते. चार तास घातला की मांड्यांवर लालभडक चट्टे. दोन पाळणाघरांनी ‘कापडी’ हा शब्द ऐकताच दार लावून घेतलं. तिसऱ्या पाळणाघराच्या बाईंनी एक आठवडा बघते म्हटलं. तिथे जमलं नाही तर लेकीची नोकरी सुटणार, हे घरात कोणी बोलत नव्हतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं.

खरं तर चादरबाईंचाही कापडी डायपरवर काडीचा विश्वास नव्हता. “लंगोटच आहेत हे,” त्या म्हणाल्या, “नुसती टिचबटणं लावलीत. पोरीचे पाय फेंगडे होतील, घरभर वास सुटेल, आणि तू रोज पातेलंभर उकळत बसशील.”

“उकळायचे नाहीत, आई. तेच तर वाचत होते.”

मग चादरबाईंनी एक डायपर उचलला आणि धंदेवाईक नजरेने उलटापालटा केला. बाहेरचं कापड पाणी न सोडणारं. आतली शोषायची घडी सुटी, हवी तेव्हा काढता येणारी. पिनेचा पत्ता नाही. मांडीभोवती इलॅस्टिक, पण करकचून नाही. त्यांनी तो ठकूला घालून पाहिला. पोरगी दोन मिनिटांत रांगत पलंगाखाली पोहोचली. पाय होते तिथेच होते.

धुण्याचं काम चादरबाईंनी मागून घेतलं. रोज सकाळी घड्या काढायच्या, आधी गार पाण्यातून काढायच्या, मग यंत्रात टाकायच्या, दोरीवर पसरायच्या. खांद्याला त्रास नाही आणि त्यांच्या मते मेहनतही नाही. चारशे खाटा सांभाळलेल्या बाईला चौदा घड्या म्हणजे हात धुण्याइतकंच काम. तरी त्या अर्धा तास त्या घड्यांपाशी रेंगाळायच्या, एकेक घडी गालाला लावून बघायच्या. नातीला उचलता येत नाही, निदान तिच्या अंगाला लागणारं कापड तरी लोण्यासारखं मऊ असावं, एवढीच त्यांची हौस. म्हणून शेवटच्या पाण्यात त्या दोन झाकणं सॉफ्टनर घालायच्या, तो गुलाबी, वासाचा, कपडे मऊ करायचा. ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही.

सोमवार, मंगळवार बरे गेले. बुधवारी पाळणाघरातली गादी ओली झाली. गुरुवारी दोनदा झाली, आणि दुसऱ्यांदा शेजारच्या मुलाचं पांघरूणही भिजलं. संध्याकाळी पाळणाघरवाल्या बाई दारातच थांबल्या होत्या. त्या काही दुष्ट नव्हत्या. दोन खोल्यांत अकरा पोरं सांभाळणाऱ्या माणसाचा चेहरा संध्याकाळी जसा असतो तसाच त्यांचा होता.

“कापडी म्हणजे गळणारच हो,” त्या लेकीला म्हणाल्या. “तुमचा दोष नाही. पण मला बाकीच्या आयांना तोंड द्यावं लागतं. सोमवारपासून विकतचे घालून आणा, नाहीतर आणू नका.”

लेक घरी आली, ठकूला खाली ठेवलं आणि कारखान्यासाठी पत्र लिहायला बसली. चार ओळींचं पत्र, पण तिला तास लागला. “तू म्हणालीच होतीस,” ती आईला म्हणाली. चादरबाई बुधवारपर्यंत तेच म्हणत होत्या, आणि आता म्हणायची वेळ आली तर त्यांनी ठकूचं अंथरूण घालायला घेतलं. बरोबर ठरण्याचा इतका वाईट अनुभव त्यांना आयुष्यात आला नव्हता.

शुक्रवारी लेक घरीच राहिली. सकाळी चादरबाई दोरीवरच्या वाळलेल्या घड्या काढत होत्या. हातात कप होता, तळाशी थोडं पाणी. काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी ते घडीवर ओतलं. पाणी आत गेलं नाही. मोत्यांसारखे थेंब होऊन घडीवर हिंडलं आणि कडेने खाली गळालं.

चादरबाईंनी घडी दोन बोटांत चोळून पाहिली. हे त्यांनी आधी पाहिलं होतं. इस्पितळात शस्त्रक्रियेच्या खोलीतले टॉवेल वेगळे धुतले जात, आणि त्यांच्या यंत्रावर चादरबाईंनी स्वतःच्या हाताने पाटी लावली होती: इथे सॉफ्टनर घालू नये. त्याने कापडाला गुळगुळीत थर बसतो, कापड मऊ लागतं पण पाणी पीत नाही. दर नव्या माणसाला त्या हे पहिल्या दिवशी सांगत, आणि जो विसरला त्याला सगळ्या धुलाईघरासमोर फैलावर घेत. एकतीस वर्षं जे दुसऱ्यांना बजावलं, ते नातीच्या बाबतीत त्या साफ विसरल्या होत्या. प्रेमाने माणूस कधी कधी असा आंधळा होतो, आणि चादरबाई माणूसच होत्या, जरी हे पुष्कळांना शंकास्पद वाटत असलं तरी.

त्या दिवशी घड्या चार वेळा धुतल्या गेल्या. गरम पाणी, साधा साबण, मग नुसतं पाणी, फेस दिसेनासा होईपर्यंत. दर खेपेला त्या कपातून पाणी ओतून बघत. तिसऱ्या खेपेला अर्धं पाणी आत गेलं. चौथ्या खेपेला घडीने ते घटाघट पिऊन टाकलं. लेक स्वयंपाकघरात होती. चादरबाईंनी तिला एवढंच सांगितलं, “पत्र पर्समध्येच ठेव. उद्या ठकूला मी पोचवते.”

शनिवारी पाळणाघर दुपारपर्यंत असे. चादरबाई बाबागाडी ढकलत पोचल्या तेव्हा चार-पाच आया मुलांना सोडायला आल्या होत्या. कोणीही शहाणा माणूस त्यांची पाठ वळेपर्यंत थांबला असता. चादरबाई थांबल्या नाहीत.

“बाई, तुमची गादी भिजली ती माझ्यामुळे,” त्या म्हणाल्या. “कापडाचा दोष नाही. माझ्या लेकीचाही नाही. मी धुताना सॉफ्टनर घातला, आणि त्याने कापड पाणी पीत नाही. मला हे माहीत होतं. एकतीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईघरात हेच दुसऱ्यांना बजावलंय मी.”

आया जवळ सरकल्या. मग एका आईने विचारलं, “म्हणजे आता गळणार नाही?”

“वेळेवर बदललं नाही तर सगळंच गळतं. तुमचं विकतचंसुद्धा.”

पाळणाघरवाल्या बाईंनी हातातलं दुधाचं भांडं खाली ठेवलं. “आजी, तुमचं खरं असेल. पण मी गादी पुन्हा पणाला लावणार नाही.”

“गादी नकोच,” चादरबाई म्हणाल्या. “पोर माझ्या मांडीवर ठेवा.” त्यांनी पिशवीतून घडी केलेली चादर काढली, फिक्या निळ्या रंगाची. “पांढऱ्यावर ओल लपते. हिच्यावर थेंब पडला तरी इथून दिसेल. अडीच तास बसते. भिजली तर पोरीला घेऊन मी जाते आणि पुन्हा येत नाही.”

त्या भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या. बाईंनी ठकूला त्यांच्या मांडीवर आणून ठेवलं. ठकू बाटलीभर दूध प्यायली, आजीचा चष्मा ओढला, आणि गाढ झोपली. नऊ किलो वजन, दुखऱ्या खांद्याच्या बाजूला डोकं. पहिल्या तासाला खांदा ठणकायला लागला. दुसऱ्या तासाला पायाला मुंग्या आल्या. चादरबाई जागच्या हलल्या नाहीत. बाई काम करता करता तीनदा येऊन चादर चाचपून गेल्या. तिसऱ्यांदा त्यांनी खाली उकिडवं बसून ठकूच्या मांडीखाली हात घालून पाहिला. एव्हाना सकाळी प्रश्न विचारणारी आई मुलाला न्यायला परत आली होती, ती घरी जायचं सोडून तिथेच उभी राहिली.

अडीच तासांनी बाईंनी स्वतःच टिचबटणं सोडली. आतली घडी ओलीचिंब, हाताला जड. चादर कोरडी. ठकूच्या मांड्यांवर एक चट्टा नाही. बाईंनी घडी तळहातावर तोलली.

“एवढं सगळं आत होतं?”

“हो.”

“सोमवारी आठला आणा,” बाई म्हणाल्या. “आणि धुवायचं कसं ते मला एकदा नीट सांगून ठेवा, या ताईही विचारताहेत.”

लेक कारखान्यातून धापा टाकत आली तेव्हा चादरबाई अजून जमिनीवरच होत्या, कारण त्यांना उठताच येत नव्हतं. लेकीने एका काखेत हात घातला, बाईंनी दुसऱ्या, आणि दोघींनी मिळून त्यांना उभं केलं. झालं ते सगळं बाईंनीच लेकीला सांगितलं. लेकीने पर्समधलं पत्र काढलं, फाडलं आणि तुकडे पुन्हा पर्समध्येच ठेवले. मग तिला रडू आलं.

घरी जाताना बाबागाडी लेक ढकलत होती. चादरबाई खांदा धरून सावकाश चालत होत्या. इतक्या वर्षांत आईने कोणापुढे चूक कबूल केल्याचं लेकीने कधी पाहिलं नव्हतं, आणि आज ती चार परक्या बायकांसमोर बोलून मोकळी झाली होती.

“आई,” ती म्हणाली, “बाईंना बाजूला घेऊन सांगितलं असतंस तरी चाललं असतं. सगळ्यांसमोर कशाला?”

“गळलं होतं ते सगळ्यांसमोर,” चादरबाई म्हणाल्या.