बेचाळीस काळी जॅकेटं

माझी आत्या कपडे शिवते असं लोक सांगतात. शिवते, पण त्याहून जास्त उसवते. कुणाच्या हातची शिवण वाकडी दिसली की एक शब्द बोलत नाही, ब्लेड घेते आणि उसवायला बसते. शिवणारी समोर बसलेली असली तरी. म्हणून सगळ्या बायका तिला मागून उसवी म्हणतात. तिला माहीत आहे ते. आवडतंही, असा मला दाट संशय आहे.

आमचा कारखाना म्हणजे टायरवाल्याच्या वरच्या दोन खोल्या. एकीत पाच मशिनं, दुसरीत कापायचं टेबल, रंगाची मोठाली पातेली आणि मोरी. मी टेबलावर असते. नववीत शाळा सोडली तेव्हा बाबांनी मला इथे आणून टाकलं. म्हणाले, "ताई, ही एका जागी बसत नाही. बघ तुझ्याकडे बसते का."

"बसवायची कशाला? कापायला उभंच राहावं लागतं," आत्या म्हणाली. तेव्हापासून तीन वर्षं उभीच आहे मी.

आम्ही नवं कापड घेत नाही. हॉटेलवाले ज्या चादरी बाद करतात त्या आणतो. कोपऱ्यात एक डाग, बोटाएवढं भोक, एवढ्यासाठी फेकलेल्या असतात. आत्या एकेक चादर खिडकीसमोर उजेडात धरते, चांगला भाग खडूने आखते. उरलेल्याचे खिसे, नाड्या, अस्तर. रंगाला कांद्याची आणि डाळिंबाची सालं. प्रत्येक कपड्याच्या कॉलरमध्ये आतून एक नंबर आणि शिवणारीची खूण. कुणाचं काम कुणाच्या नावावर खपत नाही इथे.

वीस वर्षं ती हे करतेय. मग एक डिझायनर आली आणि म्हणाली, "ताई, याला सस्टेनेबल म्हणतात."

आत्या म्हणाली, "बरं. म्हटल्याने डाग लवकर निघतात का?"

या डिझायनरचं शहराच्या चांगल्या भागात मोठ्या काचेचं दुकान आहे. आमचं जवळजवळ सगळं काम तिथेच जायचं. बाई वाईट नाही. पुढे मी तिच्याबद्दल वाकडं बोलणार आहे, म्हणून हे आधीच सांगते. पहिल्याच वर्षी तिने आमच्या पाचही मशिनांना मोटर बसवून दिली. त्याआधी पाय मारून मारून संध्याकाळी बायकांना जिना उतरता यायचा नाही.

गेल्या पावसाळ्यात तिला हिवाळ्यासाठी काळी जॅकेटं हवी होती. आमच्याकडे काळा असा येतो: कापड आधी डाळिंबाच्या सालीत उकळायचं, मग गंजाच्या पाण्यात बुडवायचं. गंजाचं पाणी म्हणजे जुने खिळे, मोडकी कुलपं, बिजागऱ्या, सगळं व्हिनेगरमध्ये पंधरा दिवस भिजत टाकायचं. वास असा की खालचा टायरवाला वर येऊन विचारतो, कोण मेलं का. एका बुडीत कापड राखेसारखं होतं. बस. त्यापुढे जायचं नाही. कारण लोखंड जास्त झालं की ते सुताला आतून खातं. लगेच कळत नाही. चार-सहा महिन्यांनी कळतं.

डिझायनरने नमुना हातात घेतला आणि नाक मुरडलं. "ताई, हा तर ग्रे झाला. लोकांना काळा कुळकुळीत लागतो."

"एका बुडीत एवढाच येतो."

"मग तीनदा बुडवा ना! हे काळं चाललं तर एका मोठ्या शोरूमशी बोलणार आहे मी. वर्षभराचं काम मिळेल."

काजवाली काकू तिथेच बसली होती. ती आमच्याकडे हाताने काजं करते, म्हणजे बटणाची घरं. नवरा कंबर धरून घरी पडलेला, तिच्या सुईवर चार माणसं जेवतात. वर्षभराचं काम ऐकल्यावर तिची सुई थांबली. आत्याने तिच्याकडे बघितलं. आणि वीस वर्षांत कुणापुढे न हललेली मान हलली. हो म्हणाली.

त्रेचाळीस जॅकेटं तीन-तीनदा बुडवली. दिसायला काय होती म्हणून सांगू! एक नमुन्याचं आत्याने स्वतःला ठेवलं, बेचाळीस दुकानात गेली आणि बघता बघता संपली.

चार महिन्यांनी एका दुपारी आत्या ते जॅकेट घालून चहा पीत होती. कोपर टेबलावर टेकलं आणि कापड गेलं. फाटल्याचा आवाजसुद्धा नाही. चहात जास्त वेळ ठेवलेलं बिस्किट जातं तसं. तिने बाही धरून ओढली. गेली. कॉलर ओढली. तीही गेली.

"चादरच जुनी असेल," मी म्हटलं.

"चादरीला दोष देऊ नकोस, बये. मी केलंय हे."

त्याच मिनिटाला तिने डिझायनरला फोन लावला. ज्यांनी जॅकेटं घेतली त्यांचे फोन नंबर दे, सगळी परत घेते, बदल्यात नवी शिवून देते. फोनवर नंबर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी डिझायनर स्वतः आली.

"ताई, कुणाची तक्रार आली का?"

"अजून नाही."

"मग? जुनं कापड, नैसर्गिक रंग. आपले ग्राहक समजून घेतात हो. अशा कपड्यांना एक स्वभाव असतो."

"स्वभाव माणसाला असतो," आत्या म्हणाली. "कोपराशी उघडं पडलं की त्याला भोक म्हणतात."

मला हसू आलं. डिझायनरला नाही आलं. ती खुर्ची ओढून बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "रविवारी आपला कार्यक्रम आहे. शोरूमवाले येणारेत, सह्या तिथेच होतील. सगळ्या बायकांना वर्षभर काम. एवढा एक रविवार जाऊ दे, मग बघू आपण."

"आणि नंबर?"

"मग बघू म्हटलं ना."

ती गेली आणि आमच्या खोलीत जुंपली. काजवाली काकू उभी राहिली. एरवी ती बसल्या बसल्याच भांडते.

"गप्प बस की गं एक रविवार! कोण मरतंय जॅकेट फाटून? ज्यांनी घेतली त्यांच्याकडे दहा असतील तसली."

"असतील. पण ह्यात आपला नंबर आहे."

"नंबर! तुझ्या नंबराने माझ्या नवऱ्याची कंबर सरळ होणारे का?"

आत्या चादरीवर आखलेल्याच रेघेवरून पुन्हा खडू ओढत राहिली. मी तिला तसं कधी बघितलं नव्हतं. माझं तोंड मात्र सुटलं. म्हटलं, "काकू, तूच तर त्या दिवशी सुई थांबवून बघत होतीस." आत्याने माझ्यावरच डोळे वटारले. "तिने बघितलं. बुडवलं मी. तू कात्री चालव."

रविवारी हॉलमध्ये खुर्च्यांना पांढरे कपडे घातलेले, स्टेजमागे आमच्या हातांचे भिंतीएवढे फोटो. फक्त हात. तोंडं कुणाचीच नाहीत. आत्याच्या हातात डिझायनरच्या दुकानातल्या मुलीने एक कागद दिला, स्टेजवर जाऊन हे बोला म्हणून. आत्याला चष्म्याशिवाय जवळचं दिसत नाही, तो घरी राहिलेला, मी वाचून दाखवलं. "मी एक साधी बाई आहे. मॅडमनी मला ओळख दिली."

"ओळख?" आत्या म्हणाली. "ती बापाने दिली होती. अजून चालतेय."

कागदाची घडी करून तिने खिशात टाकली. अंगावर तेच काळं जॅकेट होतं, गेलेल्या कोपरावर ठिगळ मारलेलं, कॉलर पिनेने धरलेली. पुढच्या रांगेत शोरूमचे तिघे. मागे आम्ही सगळ्या. काजवाली काकू माझ्या शेजारी, मांडीवर पदराचा पिळा करत. खरं सांगते, एक क्षण मलाही वाटलं, आत्या, राहू दे ना आज.

तिने माइक तोंडाला इतका चिकटवला की हॉलभर आधी तिचा श्वासच ऐकू आला.

"हे जॅकेट आम्ही शिवलं. अशी बेचाळीस मॅडमच्या दुकानातून गेलीत. बघा."

धड असलेल्या बाहीत, कोपराशी अंगठा घातला आणि ओढलं. बाही मनगटापर्यंत उघडी झाली.

"तुमचीही अशीच जाणार. रंग काळा यावा म्हणून तीन बुड्या दिल्या. एकच द्यायची असते. मला माहीत होतं आणि तरी दिल्या. मॅडमना माहीत नव्हतं तेव्हा, त्यांना बोल लावू नका. कॉलरमध्ये नंबर आहे, तो बघा आणि परत आणून द्या. नवं शिवून देईन."

डिझायनर स्टेजवर धावत आली, हसत. "ताई जरा भावुक झाल्यात..."

"भावुक नाही झाले. ते बघा, त्या साहेबांचं."

तिसऱ्या रांगेत एक चष्मेवाले गृहस्थ आमचंच जॅकेट घालून आले होते. त्यांनी कुतूहलाने कोपर चिमटीत धरलं होतं आणि चिमूटभर कापड हातात आलं होतं. आधी त्यांची बायको हसली, मग रांग हसली. शोरूमचे तिघे नाही हसले. चहा व्हायच्या आधीच ते निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून डिझायनरच्या दुकानाने आमचं काम बंद केलं. उरलेला माल पोत्यांत भरून टेम्पोने परत आला. आमच्या दोघीजणी शहराबाहेरच्या मोठ्या फॅक्टरीत लागल्या. जाताना रडल्या, पण गेल्या. त्यांना मी काही म्हणणार नाही. काजवाली काकू आत्याशी बोलायची बंद झाली. यायची मात्र रोज, वेळेवर.

मी एकदा विचारलं, "बोलत नाहीस, मग येतेस कशाला?"

"काजं काय तुझा बाप करणार?"

आणि लोक जिना चढून येऊ लागले. चष्मेवाले गृहस्थ पहिले आले. मग एक शिक्षिका, मग दोघी बहिणी, ज्यांनी एकच जॅकेट मिळून घेतलं होतं आणि आता नवं कुणाच्या मापाचं यावरून आमच्यासमोरच भांडत होत्या. एक बाई जॅकेट द्यायलाच तयार नव्हती. "मला आवडतं हो हे. फाटलं तरी घालीन."

"आमच्या नावाने नाही घालायचं," आत्या म्हणाली, आणि तिच्या अंगावरून उतरवून घेतलं.

काही जणांनी नवं कामही दिलं. पुरलं का? नाही. खोटं कशाला सांगू. दोन मशिनं झाकून ठेवलीत आणि आत्याने स्वतःला हिवाळ्यासाठी काही शिवलेलं नाही. पण महिन्याभरात बेचाळीसपैकी एकतीस परत आली. अकरा बाहेर राहिली.

तेव्हा डिझायनर पुन्हा आली. हातात छापील कागद. शोरूमवाल्यांनी विचार बदलला होता म्हणे. त्या दिवशी कुणीतरी काढलेला व्हिडिओ लोकांनी बघितला, लोकांना आत्याचा खरेपणा भावला, आणि आता त्यांना तोच खरेपणा विकायचा होता. काम मिळणार होतं. अट एवढीच, की यापुढे कपड्यांबद्दल बाहेर काही बोलायचं तर आधी त्यांना विचारायचं.

आत्याने कागद माझ्याकडे दिला. मी ती ओळ दोनदा वाचली. आत्या काजवाली काकूकडे बघत राहिली, त्या दिवसासारखीच. यावेळी मान हलवायची की नाही हे तिने काकूवर सोडलंय, हे मला कळलं. डिझायनरलाही कळलं असावं, कारण तीही काकूकडेच वळली. "काकू, तुम्ही तरी सांगा हिला. घर आहे तुम्हाला."

काकूने दोरा दाताने तोडला. गाठ मारली. मग हात पुढे केला.

"अकरा नंबर आणलेत का?"

"कसले?"

"फोनचे. अकरा जणांचे. ते आधी द्या, मग घराचं माझ्याशी बोला."

डिझायनर उठली. तिने नंबर दिले नाहीत. जिन्यातून तिच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला. मग काकू महिन्याभरात पहिल्यांदा आत्याशी बोलली. "बघत काय बसलीस? ही बाही तिरकी लावलीय तुझ्या त्या कोपऱ्यातल्या मशिनवालीने. उसव."

आता आत्या बाहेर पडली की पिशवीत एक नवं जॅकेट असतं. राखी, एका बुडीचं. परवा बस स्टॉपवर आम्ही दोघी उभ्या होतो. पुढे एक माणूस, पाठमोरा, काळ्या जॅकेटात. आत्याने मागून त्याची कॉलर धरली आणि उलटी केली.

"ओ बाई! काय चाललंय काय?"

"सतरा," आत्या मला म्हणाली. मग त्याला, "काढा."

"काय काढा? थंडी आहे!"

"म्हणूनच म्हणते. कोपर दाखवा. बघा, विरलंय की नाही? मी शिवलंय, मला सांगू नका."

बस आली. माणसाचा एक पाय पायरीवर, कॉलर आत्याच्या हातात, कंडक्टर ओरडतोय, मागची रांग ओरडतेय. मी पिशवीतलं नवं जॅकेट त्याच्या छातीवर दाबलं. तो एकदा तिच्याकडे बघतो, एकदा माझ्याकडे. शेवटी त्याने बाह्या सोडवल्या, शिव्या देत देत, आणि नवं घेऊन बसमध्ये चढला. खिडकीतून बघितलं मी, घालत होता.

बस आमचीच होती. आम्हाला सोडून गेली. आत्याने काळं जॅकेट घडी घालून काखेत मारलं.

"दहा राहिली," म्हणाली, आणि चालायला लागली.