दीड तासाचं फ्रँकफर्ट

कुणीही घरी आलं की आईचा पहिला प्रश्न ठरलेला, "किती वेळ लागला?" पाणी त्यानंतर. गावं तिला किलोमीटरमध्ये कळायचीच नाहीत. इंग्लंडमध्ये मेडनहेडला माझ्याकडे आल्या आल्या तिने विचारलं, इथून फ्रँकफर्टला किती वेळ लागतो? माझा धाकटा भाऊ तिथे असतो. मी म्हटलं, साडेसहाशे किलोमीटर, विमानाने दीड तास.

"म्हणजे लोणावळाच की!" आई पुण्याची. लोकलने दीड तास म्हणजे तिच्या लेखी लोणावळा.

हृदयाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी तिला हा एवढाच लांबचा प्रवास करू दिला होता. तिला आम्हा दोघांनाही एकदा डोळे भरून बघायचं होतं. बॅगेत भाजणीचे दोन डबे होते, एक माझा, एक त्याचा. इतकं जवळ आहे, जाऊ एखाद्या वीकेंडला, असं आम्ही धरूनच चाललो होतो. शिकलेसवरलेले आम्ही! जर्मनीचा व्हिसा तिने भारतातूनच काढून आणायला हवा होता, हे ती इथे आल्यावर कळलं. पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला इथून अर्ज करता येत नाही. भावाने नुकतीच नोकरी बदललेली, त्याचं तिथलं परमिट अडकलेलं. तो देशाबाहेर पडला असता तर परत शिरणं मुश्कील होतं.

"तायडे, मी रिस्क घेऊ का?" तो फोनवर विचारायचा. आई मागून ओरडायची, "काही नको! नोकरी सांभाळ."

आमच्या घरावरून हीथ्रोची विमानं जातात. आई शाल गुंडाळून गार्डनमध्ये बसायची आणि वर बघून विचारायची, "हे तिकडचं का गं?"

"मला काय माहीत, आई!" मी खेकसायचे. राग तिच्यावर नव्हता, त्या दीड तासावर होता. भाऊ अमेरिकेत असता तर मनाची समजूत तरी घालता आली असती.

शेवटी ती परत गेली. त्याचा डबा माझ्या किचनमध्ये राहिला. घरी पोचल्यावर तिचा फोन आला. "विमानात समोरच्या नकाशावर फ्रँकफर्ट आलं बघ. शेजारच्या बाईंना सांगितलं, इथे खाली माझा मुलगा राहतो. खरंच जवळ आहे गं. फक्त उतरता आलं नाही."

दिवाळीच्या आधी आई गेली. भावाचं परमिट तेव्हाही आलेलं नव्हतं. तिचं शेवटचं दर्शन त्याने फोनवर घेतलं.

सगळे कागद हातात पडल्यावर, एप्रिलमध्ये, तो पहिल्यांदा माझ्याकडे आला. मी दार उघडलं आणि काही कळायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, "किती वेळ लागला?"

"दीड तास," तो म्हणाला, आणि बॅग खांद्यावर तशीच ठेवून दारात रडत उभा राहिला.