तोंडातून न निघणारा शब्द

माझी धाकटी नणंद नागपूरला कॉम्प्युटर शिकते, हे मी शेजारणींना सांगायची. पण ती नेमकं काय शिकते हे मला कधीच सांगता आलं नाही. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. आमच्या पांढुर्ण्याच्या गल्लीत कोणी कॉम्प्युटर पाहिलेला नव्हता. मी चौथी शिकलेली. रामाकोन्याजवळच्या आमच्या खेड्यात शाळा तेवढीच होती.

नणंद शनिवारच्या गाडीने घरी यायची. सासूबाईंनी तिला एक अट घातली होती. एका जरी परीक्षेत नापास झाली तर शिक्षण बंद, आणि सौसरच्या संत्र्याच्या बगीचेवाल्यांना होकार. ते लोक दोनदा येऊन तिला पाहून गेले होते. मुलगा वाईट नव्हता. पण ती मला म्हणायची, "मले अजून शिकायचं आहे वो वहिनी."

त्या महिन्यात तिची एक वेगळीच परीक्षा होती. प्रत्येकाने मशीनमधल्या आपल्या कामाला कुलूप लावायचं. मग सर ते उघडायचा प्रयत्न करणार. उघडलं तर नापास. मला आधी वाटलं, कुलूप बाजारातून आणायचं असेल.

मी सुपात ज्वारी निवडत होते. तिने लाडवांचा डबा आणून माझ्या मांडीवर ठेवला.

"तुमी मशीन व्हा. मी आली की म्हणायचं, पासवर्ड सांग. मी बरोबर शब्द सांगितला तर डबा उघडायचा. तीनदा चुकली तर नाही."

"मग तू उपाशी राहशील?"

"मशीनले दया नसते."

ती मुद्दाम तीनदा चुकली आणि तोंड पाडून उभी राहिली. मी डबा उघडला.

"तुमच्यासारखी मशीन असली तर चोर पोटभर जेवून जातील," ती म्हणाली आणि दोन लाडू घेतले.

"पण बाई, कुलूप कुठं आहे यात?"

"दिसत नाही ते. शब्द म्हणजे किल्ली."

"म्हणजे शब्द ज्याले माहीत, तो मालक?"

तिने लाडू खाता खाता विचार केला. "मशीनले तसंच वाटते."

मला हे पटलंही नाही आणि खोडताही आलं नाही. मग ती शब्द शोधू लागली. मी फार बोलत नाही, पण त्या दिवशी बोलून गेले. "या घरात एक शब्द आहे. माझ्या तोंडातून कधीच निघत नाही."

ती माझ्याकडे पाहत राहिली, मग हसत सुटली. तिच्या भावाचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं नाव. चौदा वर्षांत मी ते एकदाही घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानात विचारलं तर मी कार्ड पुढे करायची. दवाखान्यात विचारलं तर शेजारीण सांगायची. मला खरंच वाटलं होतं, याहून जपलेला शब्द कोणता असणार?

पुढच्या आठवड्यात ती बुधवारीच आली. कोणाशी न बोलता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली.

"सरांनी दुसऱ्या खेपेलेच उघडलं."

"असं कसं?"

"पहिले बाबाचं नाव टाकलं. मग विचारलं, भाऊ आहे का, नाव काय त्याचं?"

"मग तू काहून सांगितलं?"

"सरांनी विचारलं तर सांगावं लागते ना. नावात लपवण्यासारखं काय आहे?"

तिचं बरोबर होतं. ते नाव आमच्या दारावरच्या पाटीवर पांढऱ्या रंगाने लिहिलेलं होतं. पोस्टमनला माहीत होतं, दूधवाल्याला माहीत होतं. फक्त मी बोलत नव्हते. मग इतकी वर्षं मी कोणापासून काय जपत होते? त्या दिवशी दोनदा भाजीत मीठ घातलं.

सरांनी तिला येत्या शनिवारी आणखी एक संधी देऊ केली होती. सासूबाई आतून ऐकत होत्या. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "शनिवारपर्यंत थांबतो मी. मंग सौसरले चिठ्ठी जाईन." चूक माझी होती, पण हे मला त्यांच्यासमोर बोलता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी नणंद परत जायला निघाली. मी तिच्या पिशवीत डबा भरत होते.

"सर म्हणतात, कोणाले विचारून मिळणार नाही असा शब्द पाहिजे. पण आपण विसरणार नाही असा."

मी तिला जवळ बोलावलं आणि तिच्या कानात एक नाव सांगितलं.

"हे कोणाचं?"

"माझं."

तिला माहीत नव्हतं. माझं लग्न झालं तेव्हा ती सहा वर्षांची होती. ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवीन नाव लिहिलं, पेढे वाटले, आणि जुनं नाव तिथंच संपलं. पुढे आई-बाबा गेले. भाऊ मला ताई म्हणतो. त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नाही. असलं तर ते शाळेच्या रजिस्टरात असेल, चौथीच्या.

तिने वहीच्या कोपऱ्यावर ते इंग्रजीत लिहून पाहिलं. मी वाकून पाहिलं. माझंच नाव, आणि मला वाचता येत नव्हतं. मग तिने तो कोपरा फाडून चुलीत टाकला.

"आता कोणाले सांगू नका. दादाले पण नाही."

"माझं नाव मीच सांगायचं नाही?"

"नाही."

सोमवारी तिचं पोस्टकार्ड आलं. सरांनी घरातली सगळी नावं टाकली, देवांची टाकली, नद्यांची टाकली. कुलूप उघडलं नाही. पास. सासूबाईंनी कार्ड दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं, शिकू दे मंग." सौसरला नकार गेला.

दिवाळीत ती आली तेव्हा मी विचारलं, "अजून तेच कुलूप आहे का?"

"नाही वो, कधीच बदललं. एकच शब्द फार दिवस ठेवू नये म्हणतात सर."

मला बरं वाटलं की वाईट, सांगता येत नाही. "मग ते नाव आता कोणाचं?"

"कोणाचं म्हणजे? तुमचंच."

ती माझ्यापुढच्या लाडवांच्या डब्यासमोर येऊन बसली आणि कोणी ऐकणार नाही इतक्या हळू तिने मला त्या नावाने हाक मारली. आई-बाबा गेल्यावर पहिल्यांदाच कोणी मारली होती. तिने मला हाक मारली की लाडू मागितला, मला कळेना. मी डबा उघडला.